शेवटच्या पानावरचा आरसा

मित्रांनो, आधी नुसतं ऐका. मध्ये कुणी बोलायचं नाही, नाहीतर माझं अर्धं सांगायचं राहून जातं. मी एक जुनं पुस्तक आहे. जाड पुठ्ठ्याचं, तळहाताएवढं, कोपरे गोल कापलेले, म्हणजे कुणाच्या डोळ्याला लागायला नकोत. माझ्यात बदक आहे, चेंडू आहे, वाटी-चमचा आहे आणि शेवटच्या पानावर आरसा आहे. काचेचा नाही, चकचकीत कागदाचा, पण तोंड दिसतं. अक्षरं म्हणाल तर जेमतेम. कारण मी ज्यांच्यासाठी आहे ना, त्यांना अजून धड बसताही येत नसतं.

छापखान्यातून मी थेट लहान मुलांच्या दवाखान्यात आलो. तिथल्या डॉक्टरबाईंची एक पद्धत होती. बाळ समोर आलं की वजनकाटा नंतर, सुई तर त्याच्याही नंतर, आधी हातात पुस्तक. मग त्या नुसत्या बघत बसायच्या. बाळ हात पुढे करतं का, या हातातून त्या हातात घेतं का, चित्राकडे बघतं का. आणि बाळाने पुस्तक तोंडात घातलं की बाई एकदम खूश. आईला म्हणायच्या, "चावू दे गं. आत्ता हेच त्याचं वाचन. तू फक्त मांडीवर घे आणि चित्र दाखवून बोलत राहा." जाताना पुस्तक बाळाचंच. आमच्या खोक्यातली सगळी पुस्तकं अशी एकेक घरी जात होती आणि मी आपला तळाशी पडून वाट बघतोय, मला कधी कोण चावणार.

शेवटी ठकी आली. ठकी म्हणजे घरचं लाडाचं नाव. तिने माझा कोपरा पकडला, ओठांपर्यंत नेला, आणि तेवढ्यात बाहेर एकच धावपळ. तापात झटका आलेलं कुणाचं तरी पोर आणलं होतं. डॉक्टरबाई तशाच धावल्या. आईला सांगायचं ते सांगायचं राहूनच गेलं.

मग नर्सताईने ठकीला लस दिली, लसीचं कार्ड माझ्या पानांत खोचलं आणि आम्हाला आईच्या हातात ठेवून म्हणाली, "जपून ठेवा हं. प्रत्येक वेळी घेऊन यायचं." ती कार्डाबद्दल बोलत होती. आईने दोन्ही जपलं.

घरी ठकीची आत्या शिलाई मशीनवर बसलेली. तिने लांबूनच बघितलं. "वहिनी, वर ठेव ते. हिच्या हातात पडलं तर चिंध्या करेल."

"हो ना, दवाखान्याचं आहे. परत दाखवायचंय," आई म्हणाली. आणि मी आरपार दिसणाऱ्या पातळ पिशवीत. पिशवीला गाठ. पिशवी कपाटावर.

तिथून मला सगळं दिसायचं. ठकी बसायला लागली, रांगायला लागली, मग कपाटाला धरून उभी. वर बघून दोन्ही हात उचलायची, "अं, अं." आत्या हसायची, "घ्या, आत्तापासून कपाटातले दागिने मागतेय." सगळेच हसायचे. वाईट नव्हतं हो कुणी तिथे. आई तिला न्हाऊ घालायची, भरवायची, थोपटायची, सगळं मायेनं, पण मुकाट्यानं. एकदा शेजारणीला म्हणाली, "अजून उत्तरच देत नाही ती, तिच्याशी काय बोलायचं?" दिवसभर घरात आवाज म्हणाल तर मशीनचाच. मी वर पडल्या पडल्या मनात ओरडायचो, वाटी म्हण, चमचा म्हण, काहीतरी म्हण.

लसीला नेलं की नर्सताई कार्ड काढून घ्यायची आणि परत खोचायची. मला कुणी उघडलंच नाही. ठकी चांगली दुडूदुडू पळायला लागली, तेव्हा कुठे डॉक्टरबाईंनी तिला नीट तपासायला बोलावलं.

"काय काय बोलते ठकी?"

"कळतं सगळं," आई म्हणाली. "बोलायचाच कंटाळा. बापावर गेलीय."

"आणि मी दिलेलं पुस्तक?"

आईचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. तिने गाठ सोडली, मला पदराने पुसलं. "हे बघा. एक डाग नाही. हिला हातसुद्धा लावू दिला नाही."

बाईंनी मला उघडलं. माझी पानं कोरी करकरीत वाजली. त्यांनी न चावलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "चूक माझी. तुला सांगायचं राहिलं माझं." त्यांनी आरशावरचा प्लास्टिकचा पापुद्रा सोलला आणि मला ठकीच्या मांडीवर ठेवलं. ठकीने आरशातल्या नाकावर बोट ठेवलं. मग मान वर करून आईकडे बघितलं आणि पुन्हा बोट ठेवलं.

"बघ, तुला दाखवतेय. बोल तिच्याशी."

"मला वाचता येत नाही हो."

"वाचू नकोस. दिसतं ते बोल."

आईने आरशातल्या ठकीकडे बघितलं. डोळे भरून आले. "उशीर झाला ना?"

"नाही झाला गं. आजपासून सुरू कर. कानही तपासून घेऊ आपण."

पण आईला त्यातलं 'नाही झाला' ऐकूच गेलं नसावं. आम्ही बाहेर आलो, तर बाकावर एक बाई तान्ह्याला घेऊन बसली होती आणि नर्सताई तिला सांगत होती, "पुस्तकं संपली. परत येतील तेव्हा बघू." आई थबकली. माझ्यातलं कार्ड काढून घेऊन तिने मला त्या बाळाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "घ्या. हे चावायचं असतं. जपून ठेवू नका."

ठकीने दोन्ही हात पुढे केले. "अं, अं."

"ते बाळाचं आहे. आपण मोठ्या झालो," आई म्हणाली आणि तिला खांद्यावर घेऊन निघाली. दारातून दिसेनाशी होईपर्यंत ठकी माझ्याकडेच बघत होती.

आता माझा कोपरा चावून मऊ झालाय. बदकाची चोच गेली, दुधात पडून पानं फुगली. या घरातली आई दिवसभर बडबडते आणि हे बाळ मला बघून 'बदा' म्हणतं. मला हवं होतं ते सगळं मिळालं. पण आरशात पहिलं तोंड ठकीचं दिसलं होतं, ते काही पुसत नाही. तिची आई तिच्याशी बोलायला लागली असेल का, कोण जाणे. तुमच्याकडे असं कुणी कपाटावर असेल तर आजच खाली काढा, फाटलं तर फाटू द्या.

आणि आता बोला तुम्ही. हातात पुस्तक एकच, समोर ते तान्हं, शेजारी हात पसरलेली ठकी. तिच्या आईच्या जागी असता, तर तुम्ही काय केलं असतं?