तीनचं निरीक्षण

“बाबा, ह्या दिवशी तुमचं घड्याळ पुढे होतं का हो?”

लेकीने जुना आलेख टेबलावर पसरला. गुंडाळून ठेवलेला कागद सरळ राहीना, म्हणून चार कोपऱ्यांवर तिने हाताला लागेल ते ठेवलं: पट्टी, स्टेपलर, सोबत आलेल्या मित्राचा, ढगोबाचा, चष्मा आणि निरीक्षकांचा चहाचा कप. कप भरलेला होता. कागदावर डाग पडेल म्हणून निरीक्षकांनी तो घाईने उचलला. आलेखावर तारीख कोणती आहे ते त्यांनी नंतर पाहिलं, आणि कप होता तिथेच परत ठेवला.

हवामान केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढे कुंपण घातलेलं अंगण. अंगणात चार पायांवर उभी पांढरी झडपांची पेटी, तिच्यात थर्मामीटर. दर तीन तासांनी पेटीपर्यंत चालत जायचं, दार उघडायचं, डोळे पाऱ्याच्या रेषेत आणायचे, अंशाच्या दहाव्या भागापर्यंत आकडा वाचायचा आणि परत येऊन वहीत लिहायचा. निरीक्षकांनी तीस वर्षं हेच केलं. गल्लीत त्यांना सगळे हवावाले म्हणत. “काय हवावाले, आज पडणार का?” असं कुणी विचारलं की ते म्हणत, “पडला की सांगतो.” लोकांना हा विनोद वाटे. निरीक्षक मात्र अगदी गंभीरपणे बोलत असत. अंदाज सांगणारे वरच्या कचेरीत बसतात. आपलं काम घडलेलं लिहायचं, आणि घडलं तेवढंच लिहायचं. लेक त्यांचं बोट धरून पेटीपर्यंत येऊ लागली तेव्हापासून त्यांनी तिला हे शिकवलं होतं.

शिकवण जरा जास्तच लागू पडली. एकविसाव्या वर्षी मुली कशाकशाच्या मागे लागतात, ही ढगांच्या मागे लागली. तिच्या वर्गातला एक उंच, किडकिडीत मुलगा, ज्याला प्राध्यापकसुद्धा ढगोबा म्हणत, त्याच्याकडे मामाची जुनी गाडी होती. गारांनी तिच्या टपावर ठिकठिकाणी खड्डे पडले होते आणि त्यातला प्रत्येक खड्डा तो तारखेसकट दाखवायचा. पश्चिमेला ढग उभा राहिला की ही दोघं गावाबाहेर पूर्वेकडच्या मोकळ्या रस्त्यावर, आणि तिथून केंद्रात फोन: “बाबा, तापमान?” निरीक्षक पेटीपाशी जाऊन येत आणि आकडा सांगत. वादळाच्या पोटातून सुटलेला गार वारा आधी केंद्रावर पोचतो, मग त्या रस्त्यावर. पारा पडला की दोघांनी मुकाट्याने गाडी वळवायची, असा करार होता. शेजारी म्हणायचे, पोरीला आवरा. निरीक्षक म्हणायचे, आडात आहे तेच पोहऱ्यात येणार. आणि हे म्हणताना त्यांची छाती चांगली दोन बोटं फुगायची.

आता दोघांना हवामानशास्त्राच्या मोठ्या संस्थेत प्रवेश हवा होता. अर्जाला स्वतः केलेलं संशोधन जोडायचं होतं आणि मुदत आज संध्याकाळची. त्यांनी विषय घेतला होता तो हाच गार वारा. पेटीत थर्मामीटरशेजारी आणखी एक यंत्र असतं. फिरत्या डब्यावर गुंडाळलेला कागद आणि त्यावर टेकलेला शाईचा टाक. तो आठवडाभर तापमानाची रेघ ओढत बसतो. दर सोमवारी कागद बदलायचा आणि जुना गठ्ठ्यात बांधायचा. असे गठ्ठे कुणी कधी उघडत नाही. या दोघांनी बारा वर्षांचे उघडले होते.

“हे बघा,” लेक म्हणाली. “दोन चाळीसला रेघ सरळ खाली आलीय. दहा मिनिटांत साडेनऊ अंश! आम्हाला एकोणीस वादळं सापडली, त्यांतलं हे सगळ्यात मोठं. आणि वहीत तीन वाजता तुम्ही लिहिलंय, छत्तीस पूर्णांक दोन. वारा मंद, आकाश निरभ्र.” ती हसली. “वादळात उभं राहून निरभ्र लिहिलंत?”

मग तिचं हसू हळूहळू ओसरलं, कारण तारीख तिलाही पाठ होती. त्या दिवशी तिची आई गेली होती.

घरात ती गोष्ट दहा वर्षं सांगितली जात होती. बाई अडीच महिने अंथरुणाला खिळलेली. त्या दुपारी अचानक तिची प्रकृती ढासळली. मावशीने केंद्रात चार वेळा फोन केला, कुणी उचलला नाही. निरीक्षक संध्याकाळी घरी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. “मी बाहेर पेटीपाशी होतो,” एवढंच ते म्हणाले. “वादळ होतं.” बायको शेवटचे श्वास मोजत होती आणि हा माणूस वादळात उभा राहून आपलं कर्तव्य करत होता! नातेवाइकांच्या तोंडी गोष्ट वाढत गेली. अकरा वर्षांच्या लेकीने शाळेत त्यावर निबंध लिहिला आणि घरी मोठ्याने वाचून दाखवला. निरीक्षकांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, “अक्षर सुधार.”

“यंत्र बिघडलं होतं का तेव्हा?” लेकीने विचारलं. तिच्या आवाजात आशा होती. “तसं असेल तर आलेख बाद करते. मग वही बरोबर.”

तिने आपणहून वाट काढून दिली होती. दहा वर्षं माणूस ज्याची धास्ती घेतो ते समोर यावं आणि एका शब्दात टळावं, असं रोज घडत नाही.

“हो,” निरीक्षक म्हणाले. “टाक अडकायचा त्याचा. जुनं झालं होतं ना.”

“तरीच!” लेकीने तेवढ्यावर मान डोलावली. बापाच्या शब्दावर दुसरा प्रश्न विचारायची तिला सवयच नव्हती. “ढगोबा, सात नंबर काढून टाक. अठरा धर.”

“अगं, सगळ्यात भारी तेच आहे!” ढगोबा कळवळला. “ते काढलं तर सगळा निष्कर्षच लंगडा पडतो.”

“पडू दे. बाबा सांगतायत ना, यंत्र बिघडलं होतं. खोटा आकडा ठेवून काय लोणचं घालायचंय?”

तिने यादीतल्या सातव्या ओळीवर लाल रेघ मारली. ढगोबा कपाळावर आठ्या घालून आकडेमोड पुन्हा करायला बसला.

निरीक्षक अंगणात जाऊन उभे राहिले. पश्चिमेला ढग वर चढत होता. बिचाऱ्या यंत्राचा काही दोष नव्हता. त्या उन्हाळ्यात केंद्रात खरं बोलणारं तेवढं एकच होतं, आणि आत्ता त्यांनी त्याच्यावर आळ घेतला होता. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण आपलं झाकायला लेकीच्या आयुष्यातला पहिला खरा शोध वापरावा लागेल, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांना स्वतःची किळस आली. ते आत गेले.

“यंत्र ठीक होतं,” ते म्हणाले. “मीच इथे नव्हतो.”

लेकीने मान वर केली. “म्हणजे? घरी तर नव्हतात. मावशी घरूनच फोन करत होती.”

“बस स्थानकावर होतो.”

“कशाला?”

“कशाला नाही. बाकावर बसायचो. त्या उन्हाळ्यात रोज. एक वाजता इथे कुलूप लावायचं आणि तिकडे जाऊन बसायचं. तीनचं निरीक्षण आधीच लिहून ठेवायचो. बाराच्या आकड्यात दीड मिळवला की बहुतेक बरोबर यायचं.” शेवटच्या वाक्यातली ऐट त्यांची त्यांनाच ऐकू आली आणि ते ओशाळले.

ढगोबाने टंकलेखन थांबवलं. उठून जावं की बसावं हे त्याला कळेना.

“पण का, बाबा?”

“इथे बसलो की फोन वाजेल अशी भीती वाटायची. आणि घरी गेलो की ती विचारायची, आज बाहेर कसं होतं. तिच्या खिडकीतून समोरची भिंत तेवढी दिसायची. मी सांगायचो, छत्तीस पूर्णांक दोन होतं. तेसुद्धा न बघता सांगायचो.” निरीक्षकांनी आलेखावरचा कप उचलून बाजूला ठेवला. “मी भित्रा आहे गं. कर्तव्य वगैरे काही नव्हतं. फोन वाजत होता आणि मी लोकांच्या बसगाड्या बघत बसलो होतो.”

ती रडली असती, ओरडली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने वही पुढे ओढली आणि अडीच महिन्यांची पानं एकेक करून उलटली. प्रत्येक पानावर तीनच्या रकान्यात बोट ठेवत गेली.

“हे सगळे?”

“सगळे.”

“ढगोबा, सात नंबर परत घे,” ती म्हणाली. “आलेख खरा आहे. वही बाद.” मग तिने संगणक स्वतःकडे वळवून तळटीप लिहिली आणि पडदा निरीक्षकांसमोर केला. ‘या कालावधीतील दुपारी तीनची हस्तलिखित निरीक्षणे विश्वासार्ह नसल्याने वगळली आहेत.’ निरीक्षकाचं नाव तिने घातलं नव्हतं.

“हे बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे,” निरीक्षक म्हणाले.

चारच्या सुमारास अर्ज गेला. एरवी या क्षणी खोलीत काय आरडाओरडा झाला असता! ढगोबाने फक्त “गेला” म्हटलं. तोवर पश्चिमेचा ढग माथ्यावर सपाट होऊन पसरला होता. दोघांनी कॅमेरा, दोऱ्या, पाण्याच्या बाटल्या गाडीत टाकल्या. “येतो काका,” ढगोबा म्हणाला. लेक आधीच गाडीत बसून नकाशा बघत होती.

निरीक्षकांनी कप विसळला, गठ्ठे बांधले. पाचला अंगणातली धूळ उठली, झाडं एका बाजूला वाकली आणि त्यांच्या हातावर गार शहारा आला. ते पेटीपाशी गेले, दार धरून पारा वाचला, आत आले. तेवढ्यात फोन वाजला.

“तापमान?” लेकीचा आवाज होता. एरवी ती आधी ‘बाबा’ म्हणायची.

“पडलं. सव्वीस पूर्णांक चार. वळा आता, लगेच वळा.”

पलीकडे वारा घोंगावत होता. तिने विचारलं, “तुम्ही पेटीपाशी जाऊन पाहिलंत ना?”

प्रश्नात राग नव्हता. अनोळखी केंद्रावरच्या अनोळखी माणसाला विचारावं तसं तिने विचारलं होतं. निरीक्षक ‘हो’ म्हणणार होते आणि ते खरंही होतं. पण यंत्र बिघडलं होतं का, या प्रश्नालाही त्यांनी दुपारी असंच ‘हो’ म्हटलं होतं.

“थांब,” ते म्हणाले.

रिसीव्हर टेबलावर ठेवून ते पुन्हा अंगणात गेले. टपोरे थेंब सुरू झाले होते. वाऱ्याने पेटीचं दार हातातून ओढलं जात होतं. त्यांनी ते खांद्याने अडवलं, गुडघे वाकवून डोळे पाऱ्याच्या रेषेत आणले, दोनदा वाचलं, आणि शक्य तेवढ्या लवकर परत आले. रिसीव्हर कानाला लावला तेव्हा ती अजून तिथे होती.

“सव्वीस पूर्णांक चार,” निरीक्षक म्हणाले.

आकडा मघाचाच होता.

“आता लिही,” पलीकडे लेक ढगोबाला म्हणाली. “आणि गाडी वळव.”