निळ्या डोंगरावरच्या मेंढ्या

मोनिकानं ते जाडजूड पुस्तक चार वेळा वाचलं होतं. त्यातला निळा डोंगर, उडता घोडा, ढगांतलं गाव, सगळं तिनं एकटीनंच पाहिलेलं. म्हणून त्यावरचा सिनेमा लागला तशी ती आईला, हरणाबाईला, माकणीहून उमरग्याला घेऊन गेली. आईला अक्षरओळख नव्हती. निदान पडद्यावरून तरी तिनं त्या गावात यावं, एवढंच मोनिकाला वाटत होतं.

परतीच्या बसमध्ये मोनिकानं आईला विचारलं,

“आवडला का गं?”

“डोळं निवलं बघ. पर ती पोरगी घोड्यावर बसून ढगात गेली, अन् तिच्या मेंढ्या? त्या कुणाच्या भरवशावर सोडल्या?”

सिनेमावाल्यांनी गाळलं असेल, म्हणून मोनिकानं मनातल्या मनात पानं उलटली. पुस्तकातही मेंढ्यांचं पुढं काहीच नव्हतं.

“लिहिलंच न्हाय, आई.”

“लिवणाऱ्यानं मेंढरं राखली नसतील, दुसरं काय!” जन्मभर कळपामागं चाललेली आई हसली. “म्या सांगते, ऐक. सांजच्याला दुसरा धनगर आला. पाठीवरची गेरूची खूण बघून त्यानं वळखलं, ह्या त्या पोरीच्या. आपल्या कळपात घेतल्या, पर लोकर न्हाय कातरली. दोघी व्याल्या, तर कोकरांवरबी त्यानं तिचीच खूण काढली.”

“मग?”

वाऱ्यानं आईचा शब्द उडून जाऊ नये म्हणून मोनिकानं खिडकी ओढून घेतली.