राखलेलं लेकरू

वारा पहाटेपासून सुटला होता आणि अंगणात धूळ नुसती नाचत होती. बियानी भिंतीच्या आडोशाला भरतकामाची चौकट मांडून काळ्या मखमलीवर लाल फुलं भरत होती. चौकटीच्या कडेला कायद्याचं पुस्तक उघडं होतं आणि पान उडू नये म्हणून त्यावर कात्री ठेवली होती. तिची आई, ना ऑरेलिया, सुक्या कोळंबीच्या टोपल्या तीनचाकी रिक्षावर चढवत होती आणि रिक्षावाल्याला शिव्या घालत होती. हुचितान गावच्या बाजारात तिच्याइतकी तिखट जीभ दुसऱ्या कोणाची नव्हती. वयस्कर बाईच्या नावाआधी तिकडे ‘ना’ लावतात, पण ऑरेलियाला तो मान वयापेक्षा धाकाने मिळाला होता.

शेजारची ना फिदेलिया कुंपणावरून डोकावली.

“नशीब काढलंस गं ऑरेलिया! माझ्या पोरी नवऱ्यांमागे गेल्या, पोरगे बायकांमागे गेले. तुला देवानं मुशे दिली. म्हातारपणाची काठी!”

“काठी कसली, घराचा खांब म्हण खांब,” ना ऑरेलिया फुशारकीने म्हणाली.

“मावशी, या खांबाची पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे,” बियानी मान वर न करता म्हणाली. “तेवढे दिवस छप्पर सांभाळा म्हणावं.”

दोघी बायका खो खो हसल्या. बियानीही हसली, पण तिची सुई क्षणभर थांबली होती.

मुशे म्हणजे मुलाच्या देहात जन्मून बाईच्या मनाने जगणारं माणूस. हुचितानला याचा मोठा अभिमान. दूरदूरचे लोक तिथे येतात, मुशेंचे फोटो काढतात, आणि गावकरी त्यांना तोंडभरून सांगतात, “आमच्यात मुशेला कोणी घराबाहेर काढत नाही.” खरं आहे ते. कोणी काढत नाही. पण कोणी जाऊही देत नाही, हे मात्र पाहुण्यांना सांगितलं जात नाही. मुलगे लग्न करून वेगळे होतात, मुली सासरी जातात, आणि मुशे आईपाशी राहते. तिने संसार मांडायचा नाही, गाव सोडायचा नाही. हातात सुई आली की शाळा पुरे झाली. याला गावात जुलूम म्हणत नाहीत, आशीर्वाद म्हणतात, आणि आशीर्वादाविरुद्ध दाद मागायची तरी कुठे?

बियानीला शाळेतून काढायचं घरात दोनदा ठरलं होतं. दोन्ही वेळा तिने जेवण सोडलं आणि दोन्ही वेळा आई विरघळली. सहावीपासून ती भरतकाम करून स्वतःची पुस्तकं घेत आली. पुढे कायदा शिकायला राजधानीत गेली, तिथे एका गच्चीवरच्या खोलीत तिघींत राहिली, आणि कित्येक रात्री नुसत्या तोतोपोवर, म्हणजे मक्याच्या कडक भाकरीवर काढल्या.

गावात तिला घागरा घालून फिरायची मुभा होती, पण शिकायची नव्हती. विद्यापीठात शिकायची मुभा होती, पण घागऱ्याची नव्हती. हजेरीला सर “एलिसेओ” असं तिचं बाप्तिस्म्याचं नाव पुकारायचे. ती पहिल्या बाकावर बसून म्हणायची, “बियानी हजर आहे, सर.” सर तिची गैरहजेरी मांडायचे.

“तुझं जे काही सोंग आहे ते फाटकाबाहेर ठेवून ये,” ते एकदा भर वर्गात म्हणाले.

“सोंग असतं तर सर, इतका अपमान घ्यायला मी रोज आले असते का?” तिने विचारलं. त्या दिवशी वर्ग पहिल्यांदाच तिच्यावर हसला नाही.

मग तिच्यासारखी आणखी काही मुलं गोळा झाली. उन्हातान्हात ती कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसली, सह्या मागत हिंडली, वर्तमानपत्रांच्या दारात उभी राहिली. शेवटी विद्यापीठाने मान्य केलं की विद्यार्थ्याला त्याच्या आवडीच्या नावाने हाक मारायची आणि कपड्यांवरून कोणाला वर्गाबाहेर घालवायचं नाही. बियानी रेडिओवर बोलली तेव्हा ना ऑरेलियाने बाजारात सगळ्यांना गप्प करून ते ऐकवलं.

“माझं लेकरू बोलतंय बघा! वकीलच होणार ती,” ती म्हणाली, आणि लगेच पुढे म्हणाली, “झाली की येईल घरी. जाते कुठे?”

बियानीने सगळे पेपर काढले. प्रबंध लिहिला, विषय होता मुशे मुलांचा शिक्षणाचा हक्क. आता परीक्षकांसमोर उभं राहून त्याचा बचाव करायचा आणि वकिलीची शपथ घ्यायची, एवढंच उरलं होतं. त्याच महिन्यात ना ऑरेलिया बाजारात कोसळली. डावी बाजू लुळी पडली.

“आपण तिघं बसून ठरवू,” असं थोरला भाऊ होरासिओ फोनवर म्हणाला होता. तो बंदरावरच्या तेल कारखान्यात कामाला होता. पण बियानी बसमधून उतरून घरी पोहोचली तेव्हा आईच्या खाटेशेजारी तिची झोपायची झोळी टांगून झाली होती. मोठी बहीण रोसाल्बा तिची गाठोडी आत ठेवत म्हणाली, “बरं झालं आलीस. औषधं फळीवर आहेत.” ठरवायचं असं काही राहिलंच नव्हतं.

वर्ष गेलं. आईला कुशीवर वळवणं, पुसणं, न्हाऊ घालणं, तिच्या तोंडात चमच्याने पेज घालणं, आणि उरल्या वेळात सुई. होरासिओ सणाला मासे घेऊन यायचा, रोसाल्बा रविवारी अर्धा तास डोकावायची. दोघंही जाताना बियानीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, “तू आहेस म्हणून आम्ही निवांत आहोत गं.” आईवर तिचा जीव होता, म्हणून तर तिला रागावताही येत नव्हतं.

मे महिन्याच्या आधी तिच्या मार्गदर्शक बाईंचा फोन आला. मुदत संपत आली होती. या वेळी परीक्षकांसमोर उभी राहिली नाही तर प्रबंध रद्द होणार होता, सगळं मुळापासून. बियानीने रोसाल्बाला गाठलं.

“ताई, एकच दिवस. सकाळी ये, दुसऱ्या सकाळी मी परत.”

“येईन की. मी काय परकी आहे?” रोसाल्बा म्हणाली.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी आईला भरवताना बियानीच्या हातून पेज सांडली. ना ऑरेलिया तिच्याकडे बघत राहिली. तिचे शब्द आता जड, तुटक यायचे, पण तिखटपणा गेला नव्हता.

“परीक्षेला असाच हात थरथरला तर नापास करतील तुला.”

“गप्प बस आई, खा.”

“ऐक. तू पाच वर्षांची होतीस. माझी ओढणी घेऊन आरशापुढे नाचत होतीस. तेव्हा बाप होता तुझा, त्याला त्यात बदनामी दिसली. मला काय दिसलं माहितीये? माझं म्हातारपण. मी देवळात जाऊन मेणबत्ती लावली. म्हटलं, देवा, एक तरी लेकरू माझ्यासाठी राखलंस.” डोळ्यांतलं पाणी एकाच बाजूने ओघळलं. “तुला काय हवं होतं ते देवाला विचारलंच नाही गं मी. तुलाही नाही.”

बियानीने ओढणीने आईचं तोंड पुसलं.

“पेटीतला माझा मखमलीचा घागरा-चोळीचा जोड काढ,” ना ऑरेलिया म्हणाली. “तो घालून उभी राहा त्यांच्यापुढे.”

“तो तर तू शेवटच्या...” बियानी म्हणू लागली. तिकडे प्रत्येक बाई एक जोड आपल्या अखेरच्या प्रवासासाठी जपून ठेवते. हा बियानीनेच भरला होता.

“मला कसली घाई आहे? परत आणून दे म्हणजे झालं.”

सकाळ झाली. रोसाल्बा आली नाही. बस सुटायची वेळ जवळ आली. बियानी मखमलीचा जोड अंगावर चढवून दारात येरझाऱ्या घालत होती. रोसाल्बा फोन उचलत नव्हती. तिच्या मोहल्ल्याचा वेला होता त्या दिवशी, वर्षाचा मोठा उत्सव. बँड वाजत असणार, फोन कोणाला ऐकू जातो? होरासिओ पाळीवर होता. शेजारची ना फिदेलियाही त्याच उत्सवाला गेली होती.

“मी नाही जात,” बियानी म्हणाली आणि केसांतली फुलं काढायला आत वळली. तोंड धुऊन ती बाहेर आली तेव्हा आईच्या चांगल्या हातात फोन होता.

“रोसाल्बा बोलली आत्ता,” ना ऑरेलिया म्हणाली. “निघालीये. रिक्षात बसलीये म्हणाली. पळ तू.”

“नक्की?”

“मी म्हातारी झाले, बहिरी नाही झाले. पळ! आणि तिथे जाऊन रडू नकोस, मखमलीवर डाग पडतात.”

बियानीने तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, तिच्या कपाळावर ओठ टेकले आणि धावत सुटली.

परीक्षकांनी तासभर तिला उलटसुलट विचारलं. एकाने चष्म्यावरून बघत म्हटलं, “मुशेंना तर समाजात इतका मान आहे. मग हक्क कशाला हवेत?” ती म्हणाली, “मान देणारा तो कधीही काढून घेऊ शकतो, सर. आणि मान घेणाऱ्याला नको म्हणायची सोय नसते.” ती उत्तीर्ण झाली, तेही प्रशंसेसह. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या, मार्गदर्शक बाईंनी तिला मिठी मारली. शपथ घेताना ती रडली नाही, आईने बजावलं होतं म्हणून.

बाहेर येऊन तिने घरी फोन लावला. होरासिओने उचलला. तो या वेळी घरी कसा, हा विचार तिच्या मनात येईपर्यंत त्याने सांगूनही टाकलं, “आई गेली.”

ना फिदेलिया संध्याकाळी उत्सवातून परतली, तेव्हा तिला अंगणात दिवा दिसला नाही. ना ऑरेलिया खाट आणि दरवाजा यांच्यामध्ये जमिनीवर पडलेली होती. तांब्या उशाशी तसाच होता. म्हातारी पाण्यासाठी उठली नव्हती. ती कशासाठी उठली, कोणाला हाक मारली, ते कोणालाच कळलं नाही.

बियानी पहाटे पोहोचली तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. त्यांनी तिला वाट करून दिली, पण एकीनेही तिला जवळ घेतलं नाही. रोसाल्बा छाती बडवत ओरडली, “टाकून गेलीस! लुळ्या आईला एकटीला टाकून गेलीस!”

“एकटीला?” बियानीला कळेना. “तू येत होतीस ना? तू तिला फोन केलास, रिक्षात बसलीये म्हणालीस...”

“मी कुठे फोन केला? माझा तर काल मान होता वेलामध्ये, मी कशी निघणार?” रोसाल्बाचा आवाज फुटला. “मला वाटलं, मी नाही आले तर तू जाणारच नाहीस. तू कधी गेलीयेस का?”

तेव्हा बियानीला कळलं. आईने तो फोन नुसताच कानाला लावला होता. ती भिंतीला धरून खाली बसली आणि तिने असा हंबरडा फोडला की रोसाल्बाचं रडणंही थांबलं.

थोड्या वेळाने प्रेताला आंघोळ घालणाऱ्या बायका विचारू लागल्या, ऑरेलियाचा ठेवणीतला जोड कुठे आहे? बियानी उठली. तिने सगळ्यांसमोर अंगावरचा घागरा सोडला, चोळी उतरवली, आणि नुसत्या परकरात गुडघ्यांवर बसून आईला ते कपडे चढवले. लुळा हात बाहीत घालायची रीत एकट्या तिलाच माहीत होती.

नऊ दिवस प्रार्थना झाली. आईच्या नावाने जमिनीवर रचलेली फुलं नवव्या दिवशी उचलली आणि होरासिओने घसा खाकरला.

“झालं ते झालं. आम्ही तुला माफ केलं,” तो म्हणाला. “आता तू या घरात राहा. देव्हारा तुझ्याकडेच. आणि रोसाल्बाच्या सासूचंही बघायला कोणी नाही. तिला इकडेच आणून ठेवू, तुला म्हाताऱ्या माणसाचं करायची सवय आहेच.”

बायकांनी माना डोलावल्या. बियानीने हातातली फुलं खाली ठेवली.

“दादा, मी वकील झालेय, हे तुला कोणी सांगितलं नाही का?” ती म्हणाली. “मी राहणार नाही. आईला तीन लेकरं होती. ती गेली त्या दिवशी एक कारखान्यात होतं, एक नाचायला गेलं होतं, आणि माफी मात्र मला मिळतेय. तुम्ही विचारलं असतं तर मी जन्मभर तिच्या उशाशी बसले असते. हौसेनं बसले असते. कोणी विचारलंच नाही. मला जा म्हणणारी एकच होती, आणि तिलाही त्यासाठी खोटं बोलावं लागलं.”

ना फिदेलिया डोळ्यांना ओढणी लावून बाहेर गेली.

बियानी आता राजधानीत वकिली करते. शाळेतून काढलेल्या मुशे मुलांच्या आया तिच्याकडे येतात; काही भांडायला येतात, काही गुपचूप सल्ला घ्यायला. ती सगळ्यांनाच बसवते. वर्षश्राद्धाला ती गावी जाते आणि संध्याकाळच्या बसने परतते. हुचितानच्या बाजारात आजही सांगतात, ऑरेलियाची मुशे तिला टाकून गेली. होरासिओ कधीचा घर सोडून गेला, रोसाल्बा लग्न करून गेली. ती दोघं आईला टाकून गेली, असं मात्र अजून कोणी म्हटलेलं नाही.