बंद केलेलं सभागृह

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीतलं पदवीदान सभागृह काकांनी दुरुस्त केलं, तेव्हा त्यांची पुतणी शाळेत होती. आईवडील गेल्यापासून ती काका-काकूंकडेच वाढत होती. काका तिला कामावर घेऊन जायचे आणि कमानीचा भार खांबांतून जमिनीत कसा उतरतो ते समजावून सांगायचे. काकांसारखं वास्तुविशारद व्हायचं, हे तिने तिथेच मनाशी पक्कं केलं.

बऱ्याच वर्षांनी त्याच इमारतीची तपासणी तिच्याकडे आली. व्यासपीठावरच्या मोठ्या कमानीला तडे गेले होते. तिने परांचीवर चढून दगडांमधले सांधे उकरले. मूळचा चुना काढून काकांनी तिथे सिमेंट भरलं होतं. त्या काळी सगळेच तसं करत. पण सिमेंटने पावसाचं पाणी आत कोंडून धरलं आणि दगड आतून भुसभुशीत झाले.

कुलगुरूंना कळवण्याआधी ती घरी गेली. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्याच हातून झालं हे," ते म्हणाले.

ती समजूत घालू लागली, तर त्यांनी हातानेच थांबवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर ते तिच्याशी बोलेनासे झाले. तुमच्या दोघांत माझं पोस्ट ऑफिस झालंय, असं काकू म्हणायची, पण तिलाही हसू येत नसे.

सभागृह बंद करावं लागेल, असं तिने लेखी दिलं. पदवीदान तोंडावर आलं होतं. निदान एवढा एक समारंभ होऊ द्या, असा कुलगुरूंनी आग्रह धरला. ती बधली नाही. समारंभ मैदानात, मांडवाखाली उरकला. हिला नाव कमवायचंय, असं काही प्राध्यापक उघडच म्हणाले.

आठवडाभराने, भर दुपारी, कमान कोसळली. आत कोणी नव्हतं. ती पोचली तेव्हा खिडक्यांतून अजून धूळ बाहेर येत होती. व्यासपीठाचा चुराडा झाला होता.

संध्याकाळी काका काठी टेकत आले. चौकीदार अडवू लागला, तेव्हा तिने पुढे होऊन त्यांना आत नेलं. ढिगाऱ्याजवळ जाऊन त्यांनी काठीने एक दगड हलवून पाहिला.

"यातले किती दगड पुन्हा वापरता येतील?" त्यांनी विचारलं.

"अर्धे तरी."

"चुना नीट मुरू दे. घाई करू नकोस."

मग ते रोज येऊ लागले. अंगणात खुर्ची टाकून बसायचे, हातोडीने एकेक दगड वाजवून बघायचे आणि धड दगड बाजूला काढायला सांगायचे. दोघं बोलायचे ते कामापुरतंच, पण डबा मात्र एकत्र उघडायचे.

नवी कमान पुरी व्हायच्या आधीच काका गेले.

आधाराचा लाकडी सांगाडा उतरवला, त्या दिवशी तिने काकूला आणलं. कमान जागची हलली नाही. कामगार पांगले. काकू रिकाम्या खुर्चीवर बसली, पदराने डोळे टिपले आणि थोड्या वेळाने उठून तिचा हात धरला.

"चल घरी," ती म्हणाली. "तूही दमलीस."