दुसऱ्याचा 'मी'

एकतीस वर्षांत बोरूने जितके जन्म घेतले, तितके फार थोड्यांच्या वाट्याला येतात. तो भरपाई कचेरीत जबानी-लेखनिक होता. कारखान्यात, गोदामात, बांधकामावर कुणाला दुखापत झाली की तो माणूस बोरूच्या टेबलासमोरच्या खुर्चीत येऊन बसायचा. माणूसच उरला नसेल तर त्याच्या घरचं कुणीतरी यायचं. ते रडतखडत सगळं सांगायचे आणि बोरू लिहून घ्यायचा. जबानी 'मी'मध्येच लिहायची, असा कचेरीचा नियम होता. त्यामुळे सकाळी अकराला बोरू लिफ्ट दुरुस्त करणारा असायचा, जेवणाच्या सुट्टीआधी बेकरीतला भट्टीवाला व्हायचा, आणि चार वाजता, एवढ्या झुबकेदार मिशा असूनही, 'मी विधवा असून मला दोन मुली आहेत' असं बिनदिक्कत लिहायचा.

लिहून झालं की सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं, समोरच्याने 'बरोबर आहे' म्हणायचं आणि खाली सही करायची. 'बरोबर आहे' ऐकल्याशिवाय बोरूने आजवर एकही कागद पुढे सरकवला नव्हता. साहेब दारातून डोकावून घड्याळ दाखवायचे, रांगेतले लोक खाकरायचे, पण बोरू हाताची घडी घालून उत्तराची वाट बघत बसायचा. एवढा धीर याच्या अंगी आला कुठून, असं कचेरीत सगळे म्हणायचे. आला कुठून ते बोरूला पक्कं ठाऊक होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

बोरू हे नाव त्याच्या दादाने ठेवलेलं. लहानपणी तो बोरूच्या लेखणीसारखा काटकुळा होता. पुढे लिहिण्याचीच नोकरी लागली आणि नाव जे चिकटलं ते कायमचं.

घरी तो गोष्टी लिहायचा. पाच-सहा छापूनही आल्या होत्या. त्यांत मात्र 'मी' औषधालाही सापडत नसे. सगळ्या 'तो'च्या नाहीतर 'ती'च्या. दिवसभर लोकांचा 'मी' लिहून उबग येतो हो, असं तो विचारणाऱ्याला सांगायचा, आणि ते सगळ्यांना पटायचंही.

यंदा त्याने जी गोष्ट लिहिली होती ती दोन भावांची होती. खोकी बनवण्याच्या कारखान्यात फळ्या तासायच्या मशीनवर दोघं कामाला. धाकटा बटणापाशी, थोरला पलीकडच्या बाजूला, पात्यात अडकलेल्या ढलप्या हाताने काढणारा. एक दिवस मशीन सुरू होतं आणि थोरल्याच्या उजव्या हाताची तीन बोटं जातात. मासिकाच्या संपादिकाबाईंनी गोष्ट परत पाठवली, सोबत चिठ्ठी. 'वाचताना लाकडाचा वास येतो. पण तुमचा तो धाकटा फार लांब उभा आहे, त्याचं तोंडच दिसत नाही. हीच गोष्ट 'मी'मध्ये लिहून बघता का? पंधरा दिवसांत आली तर पुढच्या अंकात घेते.'

बायकोने चिठ्ठी वाचली आणि इस्त्री बाजूला ठेवली.

"मी म्हटलंच होतं. अहो, तुमच्या गोष्टीत कुणी काही करतच नाही. 'मशीन सुरू झालं' म्हणे. आपला मिक्सर होतो का कधी आपोआप सुरू?"

तीस वर्षांच्या संसारात जे तिला सांगितलं नव्हतं, त्यावर तिने इस्त्री करता करता नेमकं बोट ठेवलं होतं.

कारण मशीन आपोआप सुरू झालं नव्हतं. त्या कारखान्यात एक रीत होती. बटण दाबण्याआधी बटणवाल्याने ओरडायचं, "हात?" पलीकडच्याने हात बाहेर घेऊन ओरडायचं, "काढले!" मगच बटण. बोरू आणि दादा वर्षभर त्या एकाच मशीनवर होते. दिवसातून शंभरदा विचारायचं आणि शंभरदा तेच उत्तर ऐकायचं. हळूहळू बोरूला वाट बघण्याचा कंटाळा येऊ लागला. "हात? काढले!" असं तो एकाच दमात स्वतःच ओरडायचा आणि बटण दाबायचा. प्रश्नही त्याचा, उत्तरही त्याचं. दादा एकदा रागावला होता, दोनदा हसला होता, मग त्यानेही सोडून दिलं. आणि मग तो दिवस आला.

इस्पितळात जबानी घ्यायला एक म्हातारा लेखनिक आला. बोरू खाटेच्या पायथ्याशी उभा होता. दादाने पांढऱ्याफटक चेहऱ्याने सांगितलं, "मी न विचारता हात घातला. चूक माझी." म्हाताऱ्याने वाचून दाखवलं, दादा 'बरोबर आहे' म्हणाला आणि डाव्या हाताने कशीबशी सही केली. बोरू तोंडातून अवाक्षर न काढता उभा राहिला.

दादाला त्या वेळी पलीकडे काय ऐकू आलं होतं? कारखान्यात आवाज तर एवढा असायचा. कदाचित आलंच नसेल. कदाचित त्याला खरंच स्वतःची चूक वाटत असेल. या एका 'कदाचित'वर बोरूने चौतीस वर्षं काढली. दर रविवारी दादाकडे जायचं, फळं न्यायची, गप्पा मारायच्या, आणि त्या मशीनपासून चार हात लांब राहायचं. आता 'मी' लिहायचं म्हणजे 'मी बटण दाबलं' लिहायचं. ते छापून येणार, आणि दादा मासिक पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत वाचणार. आईवडील कधीच गेलेले. दादाचं दार बंद झालं तर बोरूला मागे रक्ताचं कुणी उरणार नव्हतं.

तरी तो बसला लिहायला. चार संध्याकाळी बसला. 'मी' लिहायचा, 'बटण' लिहायचा आणि उठून पाणी प्यायचा. एवढं पाणी तो आयुष्यात प्यायला नव्हता.

पाचव्या दिवशी कचेरीत दुपारनंतर कुणीच आलं नाही. समोरची खुर्ची रिकामी होती. बोरूने कागद ओढले आणि काय झालं कुणास ठाऊक, हात सुटला तो सुटलाच. मी, मी, मी करत सहा पानं एका बैठकीत झाली. तो शीळ वाजवत घरी आला, पानं बायकोच्या हातात दिली आणि शर्टही न बदलता समोर बसला.

तिने शांतपणे सगळं वाचलं.

"छान झालंय. रडू आलं मला," ती म्हणाली. "पण हा 'मी' म्हणजे दादा ना?"

"दादा कसा? मी म्हणजे मी."

"अहो, बघा तरी. 'मी पलीकडून हात घातला. मला काहीच ऐकू आलं नाही. चूक माझीच होती, माझ्या भावावर माझा कधीच राग नव्हता.' हे दादाच बोलतायत. तुम्ही आहात कुठे यात?"

बोरूने पानं घेतली आणि उभ्या उभ्याच वाचली. तिचं खरं होतं. हाताला लागलेली सवय, दुसरं काय! समोरच्या रिकाम्या खुर्चीत त्याने दादाला बसवलं होतं आणि त्याची जबानी घेतली होती. एवढंच नाही, शेवटी ओळ आखून सहीसाठी जागाही सोडली होती. स्वतःला माफी हवी होती, ती त्याने दादाच्या तोंडून स्वतःच लिहून घेतली होती.

"आणि त्यांना ऐकू आलं नाही म्हणजे काय?" बायकोने विचारलं. "काय ऐकू यायचं होतं?"

मग बोरूने तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ त्याच्या शर्टाच्या कॉलरवर हात फिरवत राहिली.

"वाचून दाखवा त्यांना," अखेर ती म्हणाली. "तुमचा नियमच आहे ना?"

रविवारी सकाळी बोरू दादाच्या खोलीचा जिना चढला. दादा खिडकीपाशी स्टुलावर बसून खुर्ची विणत होता. बोटं गेल्यावर त्याने शाळेत फाटकावर नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर हा उद्योग काढला. लोकांच्या बसून बसून खचलेल्या खुर्च्या तो वेताने पुन्हा विणून द्यायचा. उजव्या हाताचा अंगठा आणि एक बोट चिमट्यासारखं धरून वेत ओढायचा, आणि डाव्या हाताने खोचायचा.

"फळं नाही आणलीत का भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "बरं केलंत. मागच्या रविवारची केळी कालपर्यंत माझ्याकडे बघत होती." चहा देऊन त्या कपडे वाळत घालायला गच्चीवर गेल्या.

"दादा, एक गोष्ट लिहिलीय. वाचून दाखवायचीय."

"वाच की. कान मोकळे आहेत, हातच गुंतलेत."

बोरू वाचू लागला. परक्यांच्या हजारो जबान्या न अडखळता वाचणारा माणूस, पण पहिल्याच पानावर दोनदा चष्मा पुसावा लागला. दादा वेत ओढत राहिला. बोटांचा प्रसंग आला तेव्हाही त्याचा हात थांबला नाही. 'मला काहीच ऐकू आलं नाही' हे वाक्य आलं तेव्हा मात्र थांबला. बोरूने कसंबसं शेवटपर्यंत वाचलं आणि सवयीने विचारलं, "बरोबर आहे?"

"नाही," दादा म्हणाला.

आजवर अशा 'नाही'ला बोरू लगेच पेन काढून 'सांगा, काय बदलू?' म्हणायचा. आज पेन खिशातच राहिलं.

"मला ऐकू आलं होतं," दादा म्हणाला. "तू विचारलंस, 'हात?' मी सांगणारच होतो, थांब, ढलपी अडकलीय. तेवढ्यात माझं उत्तर तूच दिलंस."

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर वर ढकललं.

"तुला माहीत होतं," बोरू म्हणाला. "मग इस्पितळात तसं का सांगितलंस?"

"नाहीतर काय करणार होतो? तुला त्याच दिवशी काढलं असतं. घरात आई आजारी. माझा हात गेला होताच, तुझेही कशाला घालवू?"

"राग नाही आला?"

"आला तर! दोन वर्षं तुझं तोंड बघितलं की कपाळात तिडीक उठायची. मग कंटाळा आला. रोज उठून राग धरायचा तर ताकद लागते, आणि मला दाढी डाव्या हाताने करायची होती." दादा हसला, पण लगेच गंभीर झाला. "खरा राग त्याचा नाही बोरू. चूक झाली, कुणाचीही होते. तू मला एकदाही विचारलं नाहीस, त्याचा आहे. चौतीस वर्षं दर रविवारी येतोस. मला काय वाटतं, मला बोलायचंय की नाही, ते सगळं तूच ठरवलंस. आणि आज माझी जबानी लिहून आणलीस. 'माझ्या भावावर माझा राग नव्हता.' अरे, तेव्हाही माझ्या वतीने तूच बोललास आणि आताही तूच बोलतोयस. मला तोंड नाही का?"

बोरूला रडू कोसळलं. साठीला आलेला मिशाळ माणूस, चहाचा कप हातात धरून हुंदके देत होता. दादाने त्याला रडू दिलं. मध्येच फक्त त्याच्या हातातून कप काढून घेतला, कारण चहा विणलेल्या भागावर सांडायला आला होता.

"यावर मी सही करणार नाही," थोड्या वेळाने दादा म्हणाला. "एकदा खोट्या 'मी'खाली सही केली, ती बास झाली. माझी गोष्ट मला वाटेल तेव्हा मी सांगेन. तू तुझी लिही."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघायचाय?"

बोरूने सहा पानं उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. पाणी मागावंसं वाटलं, पण मागितलं नाही. पाच ओळी लिहायला त्याला बराच वेळ लागला. तोवर दादाने वेताची एक अख्खी रांग पुरी केली. मग बोरूने कागद दोन्ही हातांत धरला.

"'मी बटणापाशी होतो,'" तो वाचू लागला. "'दादा पलीकडे होता. मी ओरडून विचारलं, हात? त्याच्या उत्तराची वाट मी पाहिली नाही. काढले, असं मीच म्हणालो आणि मी बटण दाबलं. नंतर त्याने चूक स्वतःवर घेतली तेव्हा मी तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो.'"

गच्चीवर वहिनी ओला टॉवेल झटकत होत्या, तो आवाज तेवढा येत होता.

"बरोबर आहे?" बोरूने विचारलं.

दादा खुर्चीच्या कडेशी वेताचं टोक आत दुमडत होता. टोक हट्टी होतं, दोनदा निसटलं. बोरूच्या जिभेवर शब्द येत होते. असू दे, राहू दे, तुला बोलायचं नसेल. ते त्याने गिळले. त्याने हाताची घडी घातली आणि तो वाट बघत बसला. घोटभर उरलेला चहा गार झाला, खिडकीतलं ऊन स्टुलावरून फरशीवर उतरलं. वहिनी रिकामी बादली घेऊन खाली आल्या, दोघांकडे बघून न बोलता आत गेल्या. तरी बोरू हलला नाही.

अखेर टोक बसलं. दादाने अंगठ्याने दाबून खात्री केली आणि मान वर केली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "आण इकडे पेन."