कमरेची पेटी

मी एक पेटी बोलतेय. पेटी म्हटलं की लोकांना भजनातली आठवते, नाहीतर दागिन्यांची. मी त्यातली कुठलीच नाही. मी विजेची पेटी. कुठल्या कामाला मला आणलं होतं ते सांगायचं म्हटलं तर आजही माझ्या पितळी खिट्ट्या तापतात. तरी सांगते. न सांगितल्यानं काय होतं ते मी पाहिलंय.

मुंबईच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. सागवानी अंग, पोटात तांब्याच्या तारेचं रीळ, खाली जाडजूड सेल, वर फिरवायचं एक बटण. दोन वायरी, आणि त्यांच्या टोकांना फलालीन गुंडाळलेल्या दोन चकत्या. चकत्या ओल्या करायच्या, अंगाला बांधायच्या, बटण फिरवायचं. मग मी गुणगुणायला लागते आणि माणसाच्या अंगात मुंग्या धावतात. लुळ्या हातापायांना जाग यावी, आखडलेली पाठ सुटावी, एवढ्यासाठी मला घडवलं होतं. इमानाचं काम होतं. मला अभिमान होता. तो काही फार टिकला नाही.

मला विकत घेतलं भाईंदरच्या रामनाथ डॉक्टरांनी. साल सदुसष्ट असेल. डॉक्टर वाईट नव्हते. हात स्वच्छ, बोलणं सरळ. पण काहीतरी नवीन करून दाखवायची त्यांना भारी हौस. परदेशातल्या कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं होतं की बीज काढून घ्यायला वळूंना विजेचे झटके देतात, आणि आता तसले प्रयोग माणसांवरही चाललेत. ज्या पुरुषाच्या बीजात जीव नाही, त्याच्या नसा विजेनं जाग्या करून बघायच्या. झालं. पाठी सोडवणारी मी, मला नको तिथं नेऊन बांधायचं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. वस्तूला आणि सुनेला कोण विचारतं?

सून म्हणजे सुगंधा. भाईंदरजवळच्या मुर्धा गावच्या पुंडलिकची बायको. घरची भातशेती, आणि उन्हाळ्यात सगळं घर मिठागरात राबायचं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, कूस उजवली नव्हती. तिनं नवस केले, मुळ्या उगाळून प्यायल्या, कुणी सांगितलं म्हणून कडुलिंबाला फेऱ्या घातल्या. शेवटी डॉक्टरकडे आली. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि म्हणाले, "तुमच्यात काही खोट नाही. नवऱ्याला पाठवा."

पुंडलिक आला तो टॉवेल डोक्यावरून घेऊन, उन्हातून आल्यासारखा. बाहेर ढग होते. डॉक्टरांनी काचेच्या पट्टीवर थेंब घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पुष्कळ वेळ बघत राहिले.

"पुंडलिकराव, दोष तुमच्यात आहे."

पुंडलिकनं दाराकडे पाहिलं. "दार लावा की."

"लावलेलंच आहे."

"मंग हळू बोला."

डॉक्टरांनी हळू आवाजात त्याला माझ्याबद्दल सांगितलं. गुण येईलच असं नाही, हा प्रयोग आहे, हेही सांगितलं. हे शेवटचं पुंडलिकच्या कानात शिरलंच नाही. त्यानं एकच विचारलं, "गावात काय सांगू?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "कंबर धरली म्हणून सांगतो." मिठागरात राबणाऱ्या माणसाची कंबर दुखते यावर कोण शंका घेणार?

पण भाईंदरला रोज यायचं म्हणजे वाटेवर अख्खं गाव भेटणार. म्हणून डॉक्टरांनी मला त्याच्याच घरी धाडलं आणि सगळं सुगंधाला शिकवलं. एक चकती माकडहाडावर, दुसरी पुढं जांघेत. मिठाच्या पाण्यात भिजवायच्या. बटण हळूहळू फिरवायचं.

पहिल्याच दुपारी घोटाळा झाला. डॉक्टरांच्या लेखी मिठाचं पाणी म्हणजे भांडंभर पाण्यात चिमूटभर मीठ. सुगंधाच्या लेखी मिठाचं पाणी म्हणजे मिठागराचं. तिनं कळशी घेतली आणि शेवटच्या खणातलं, मीठ धरायला आलेलं घट्ट पाणी आणलं. बोट बुडवलं तर वाळल्यावर पांढरं होईल असं. त्यात माझ्या चकत्या बुडवल्या, बांधल्या, बटण फिरवलं. पुंडलिक असा उडाला की छपराचं कौल खाली यायचं राहिलं. माकडहाडावर रुपयाएवढा फोड आला. पुढचं मी सांगत नाही.

डॉक्टर तिच्यावर ओरडले, "मीठ-पाणी सांगितलं होतं, मिठागर नव्हे."

"तुमी मिठाचं पाणी म्हणालात," सुगंधा म्हणाली. "आमच्याकडं त्याला मिठाचंच पाणी म्हणतात."

पुंडलिक नंतर बरेच दिवस वाकून, पाय फाकवून चालत होता. गाव बघत होतं. कंबर धरल्याचं खोटं असं आयतं खरं ठरलं.

मला तांदळाच्या कणगीत लपवायचे. सासू सावित्रीबाई बाहेर पडली की काढायचे. माझी गुणगुण शेजारी जाऊ नये म्हणून सुगंधा जातं फिरवायची. मागच्या खोलीत नवरा दात खाऊन पडलेला, पुढच्या खोलीत बायको नुसतंच जातं ओढतेय. शेजारच्या शेवंतीकाकूला वास आल्याशिवाय राहतोय?

"काय गो सुगंधे, भर दुपारचं दळण? घरात खाणारं तोंड न्हाय, आन पीठ कुणाला?"

ते वाक्य मी मागच्या खोलीतूनही ऐकलं. सुगंधानं खाली मान घातली आणि रिकामं जातं ओढत राहिली. मला वाटलं, ओरडून सांगावं. पण मला गुणगुणण्यापलीकडं काही येत नाही.

एक गोष्ट माझ्या तेव्हाच ध्यानात आली. बाईला मूल झालं नाही तर गावाकडे शब्द तयार असतो. वांझ. वांझोटी. दारातून हाका मारल्यासारखा तो शब्द तिच्या मागं यायचा. डोहाळजेवणाला बोलावणं नाही, कुणाच्या पोराच्या पाचवीला बोलावणं नाही. पण पुरुषाला मूल झालं नाही तर? मुर्ध्यात त्याला शब्दच नव्हता. शब्द नाही म्हणजे दोषही नाही.

लपवालपवी संपली ती सावित्रीबाईच्या हातानं. तांदूळ काढायला तिनं कणगीत हात घातला आणि मला ओढून बाहेर काढलं. "ह्यं काय?"

"माझ्या कमरेची पेटी," पुंडलिक पटकन बोलून गेला.

"मेल्या, माझी कंबर मोडून गेली आन तू एकटा लावून घेतोस?" ती तिथंच पालथी पडली. "लाव गो."

सुगंधानं चकत्या धुतल्या, चिमूटभर मिठाच्या पाण्यात भिजवल्या आणि सासूच्या पाठीला बांधल्या. खरं सांगते, त्या घरात मला पहिल्यांदा बरं वाटलं. माझं काम मला मिळालं होतं. म्हातारी उठली, दोन्ही हात कमरेवर ठेवून मागं वाकली आणि हसली. दुसऱ्या दिवशी शेवंतीकाकू आली. मग धाकूची आई, मग आणखी बायका. "पुंडलिकची कंबर बरी केली ती पेटी आमाला पन लाव गो," म्हणत ओट्यावर रांग. ज्या वांझोटीच्या हातचं हळदकुंकू नको, तिचा हात पाठीला मात्र चालत होता.

पुंडलिकला मात्र गुण नव्हता. डॉक्टरांनी पुन्हा काचपट्टी पाहिली, पुन्हा पुष्कळ वेळ पाहिली. म्हणाले, "यातून काही होईल असं मला वाटत नाही. वाचलं म्हणून करून पाहिलं. घरी खरं सांगा." पुंडलिक घरी आला आणि जेवला आणि झोपला.

दोन-चार महिन्यांनी सावित्रीबाईनं ठरवलं, दुसरी सून आणायची. "आता तर कंबर पन बरी झाली माझ्या लेकाची," ती सगळ्यांना सांगायची. कायदा काय म्हणतो ते तिला कुणी विचारलं नाही. सुगंधानं माहेरी जावं, नाहीतर घरात राबत पडून राहावं, असा बेत. सुगंधानं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा मिठागराकडं बघत होता.

"अवो, बोला की काय तरी."

"काय बोलू? आईचं मन हाय."

काशीगावची आशा नावाची मुलगी ठरली. बापाविना वाढलेली, मामीच्या घरी राहणारी. ही मामी म्हणजे दुर्गाबाई. ती पोरीला घेऊनच घर बघायला आली. शेवंतीकाकू आणि शेजारच्या बाया ओट्यावर जमल्या. सुगंधानंच चहा केला, सुगंधानंच पोहे दिले.

दुर्गाबाई चौकस होती. "ऐकलं की मुलाच्या कमरेला काय तरी हाय. आमची पोर जन्मभर त्याची सेवा करीत बसायची काय?"

"छे गो बाय," सावित्रीबाई हसली. "पेटीनं खडखडीत बरा झाला. दावते ना. सुगंधे, आन गो पेटी. लाव त्याच्या कमरेला, बघू दे पावण्यांना."

सुगंधानं मला आणलं. मध्ये ठेवलं. चकत्या भिजवल्या, पिळल्या. पुंडलिक भिंतीला टेकून बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली, दोन्ही हातांत एकेक चकती, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात तिनं विचारलं,

"कुठं लावू? कमरेला, का डॉक्टरनी सांगितलंय तिथं?"

बायकांच्या बशा हातात तशाच राहिल्या. पुंडलिकच्या तोंडाचा रंग गेला. त्यानं आईकडं पाहिलं, मग त्या पोरीकडं. आशा त्याच्याकडंच बघत होती. लहान नव्हती ती, सगळं समजत होतं तिला. तिचा जन्म त्या एका उत्तरावर टांगलेला होता, आणि सुगंधाचाही.

"कमरेचं न्हाय ते," पुंडलिक जमिनीकडं बघून बोलला. "माझ्यात खोट हाय. हिच्यात न्हाय. दुसरी आनली तरी तसंच."

आशानं बशी खाली ठेवली. "चला मामी," ती म्हणाली. जाताना ती सुगंधाच्या पाया पडली. वांझोटीच्या पाया कुणी पडत नाही, हे तिला ठाऊक असणारच.

मग काय झालं? रडारड? नाही. शेवंतीकाकूनं आपल्या कमरेला हात लावला, माझ्याकडं पाहिलं, चकत्यांकडं पाहिलं, आणि किंचाळली, "अगो बाय, ह्याच चकत्या?" त्या दिवशी मुर्ध्याच्या विहिरीवर बायका एकमेकींच्या पाठी नारळाच्या काथ्यानं घासत होत्या. सगळ्यांत जोरात सावित्रीबाई. मी कणगीमागं उलटी पडले होते. इतकी लाज मला पुंडलिकच्या अंगावरही वाटली नव्हती.

आणि गावाला हवा होता तो शब्द मिळाला. पेटीवाला. पुंडलिक दिसला की पेटीवाला. पुढं कुणाच्याही घरी वर्षभरात पाळणा हलला नाही की विचारायचे, "पेटी आनलीस काय रे?" मी वस्तू होते, मला शिवी केली. पुंडलिकनं भजनाला जाणं सोडलं, कारण तिथं खरी पेटी वाजली तरी पोरं हसायची.

सुगंधाला वांझ म्हणणं थांबलं का? एकदम नाही. पण म्हणणारी आता आधी इकडंतिकडं बघायची. सासू तिच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. मग मीठ ओढायचा हंगाम संपला आणि म्हातारीची कंबर अशी आखडली की उठता येईना. पडल्या पडल्या भिंतीकडं तोंड करून ती म्हणाली, "सुगंधे, ती लाव."

सुगंधानं मला उचललं, चकत्यांवरची फलालीन फाडून टाकली, स्वतःच्या जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा गुंडाळला. मग विचारलं, "कुठं लावू?"

म्हातारीची पाठ हलायला लागली. मला वाटलं रडतेय. हसत होती. "मेले, कमरेला," ती म्हणाली. त्या दोघी किती वेळ हसत होत्या, आणि शेवटी म्हातारीनं सुनेचा हात धरून ठेवला होता तो सोडलाच नाही.

आता अठ्ठ्याहत्तर साल आहे. सावित्रीबाई गेली. मला कणगीत ठेवत नाहीत, ओट्यावरच्या फळीवर ठेवतात. माझं लाकूड खारट हवेनं फुगलंय, बटण अडकतं. मूल त्या घरात झालं नाही. कमरेचे आजारी मात्र पार चौक-उत्तनसारख्या लांबच्या गावांहून येतात.

परवा एक तरणा गडी आला. लग्न अगदी नवं नव्हतं, जुनंही नव्हतं. भर पावसाळ्यात, पाऊस उघडलेला असताना, डोक्यावरून कोरडा टॉवेल घेऊन दारात उभा. "काका, कंबर दुखते," म्हणाला.

पुंडलिकनं त्याला आत घेतलं, दार उघडंच ठेवलं. "खरंच कंबर?"

गड्यानं टॉवेल आणखी पुढं ओढला.

"कंबर असंल तर ही लावते," पुंडलिकनं सुगंधाकडं बोट केलं. "दुसरं असंल तर पेटीत काय न्हाय रे. मी बघितलंय. घरी जा आन आईला सांग, बायकोच्या देखत सांग. एकदा मान खाली जाईल. ती वर येते परत, हळूहळू."

एवढंच माझंही मागणं आहे. माझ्यावर लाज ठेवू नका. मी लाकूड आणि तार. माझ्यात चार सेलांपुरती ताकद आहे, ती पाठीला पुरते. नवऱ्याची लाज मात्र ज्याची त्यानं उचलावी. बायकोच्या डोक्यावर ठेवून वर माझं नाव सांगू नये.