दोन डब्यांची पूजा

मित्रांनो, मी एक जुना वर्कबेंच आहे, सुताराच्या बाकासारखा. विनिपेगमधल्या एका बेसमेंटमध्ये, वॉशिंग मशीनशेजारी उभा असतो. हल्ली माझ्यावर धुतलेले कपडे पडलेले असतात.

२००६ च्या हिवाळ्यात हेमचंद्रांनी मला बनवलं. ते मूळचे नागपूरचे, इंजिनियर. नेमबाजीचा छंद त्यांना आणि त्यांच्या पत्नीला, अरुणाबाईंना, इथेच लागला. माझे पाय मनगटाहून जाड, वर प्लायवूडचे दोन थर, मागे भिंतीत बोल्ट. बाक हलला तर काडतुसात भरायच्या बंदुकीच्या दारूचं वजन चुकेल, म्हणून हेमचंद्र माझ्यावर चढून चक्क नाचले होते. मी तसूभर हललो नाही. मला त्याचा फार गर्व होता.

हेमचंद्र माझ्यावर रिकामी काडतुसं पुन्हा भरत. बंदुका साफ करायच्या अरुणाबाईंनी. नळी पुसून झाली की त्या उजवा डोळा लावून तिच्यातून उजेड बघायच्या. त्यांचा नेम हेमचंद्रांपेक्षा चांगला होता.

कपाटात दारूचे दोन डबे असत. रायफलची दारू सावकाश जळते, पिस्तुलाची एकदम भडकते. पिस्तुलाची दारू रायफलच्या काडतुसात गेली तर रायफल फुटते. म्हणून माझ्यावर एका वेळी एकच डबा, हा हेमचंद्रांचा कडक नियम होता. पण एकच डबा समोर असल्यामुळे त्यावरचं नाव वाचायची त्यांची सवय कधीच सुटली होती.

२०१० ची खंडेनवमी शनिवारी आली. अरुणाबाईंनी ग्रोसरीतून शेवंती आणली आणि सगळी हत्यारं माझ्यावर मांडली, शेजारी दारूचा एक डबा.

"दुसरा डबा पण ठेव ना. एकाला हळदीकुंकू आणि एकाला नाही, असं कसं?"

"अगं, रूल आहे माझा. वन कॅन ॲट अ टाइम."

"आज कुठे लोड करणार आहेस? उद्या उचलू."

हेमचंद्र हसले आणि त्यांनी दुसरा डबा ठेवला.

दसऱ्याच्या सकाळी रेंजवर जायची घाई होती. हेमचंद्रांनी फुलं बाजूला सारली, हाताशी आलेला डबा उचलला आणि रायफलची वीस काडतुसं भरली. मी सगळं पाहत होतो. त्या दिवशी तरी मी डगमगायला हवं होतं.

पहिली गोळी अरुणाबाईंनी झाडली. रायफल त्यांच्या तोंडाशी फुटली.

दुसऱ्या दिवशी हेमचंद्र हॉस्पिटलमधून एकटेच आले. त्यांनी तो डबा उचलून नाव वाचलं आणि ते खाली फरशीवरच बसले.

अरुणाबाई घरी आल्या तेव्हा उजवा डोळा गेलेला होता. "डबा ठेवायला मीच लावला," त्या म्हणाल्या.

"भरलं मी. लेबल नाही वाचलं."

त्यानंतर बंदुका गेल्या. मला तोडायला हेमचंद्र एकदा पाना घेऊन आले होते, पण बोल्ट निघाले नाहीत.

पुढच्या खंडेनवमीला अरुणाबाई एकच फूल घेऊन खाली आल्या. माझ्यावर ठेवायला त्यांनी हात पुढे केला, पण माझी कड यायच्या आधीच फूल सोडलं. एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही. फूल फरशीवर पडलं. मागे उभ्या हेमचंद्रांनी ते उचलून त्यांच्या हातात दिलं, आणि तो हात धरून माझ्यापर्यंत आणला.

मित्रांनो, माझी पूजा केली नाहीत तरी चालेल. पण समोर एकच डबा असला, तरी त्याच्यावरचं नाव वाचत जा.